पतंगाचा पेच आणि बिघडलेला तोल : अजिंक्य होण्याची किंमत कोण मोजतो?

गार्डन रीच (कोलकाता) : हुगळी नदीच्या पूर्व काठावरील गार्डन रीच आणि त्याला लागून असलेला मटियाबुर्ज हा परिसर एरवी ओळखला जातो तो गोदी, जहाजबांधणी आणि तयार कपड्यांच्या शिलाईसाठी. मात्र भाद्रपद संक्रांतीला, म्हणजे साधारणतः १७ सप्टेंबरला, विश्वकर्मा पूजेच्या दिवशी येथील यंत्रे थांबतात आणि घरोघरच्या गच्च्या गजबजतात. महाराष्ट्रात पतंगांचे जे स्थान मकर संक्रांतीला आहे, तेच बंगालमध्ये या दिवसाला आहे. पेच लागतो, एक दोरा तुटतो आणि ‘भो-काट्टा’ अशी आरोळी उठते. नागपूरकराला तिथे आपल्या ‘ओ काट’ची आठवण व्हावी.

हा खेळ गेली काही वर्षे एका विचित्र अडचणीत सापडला आहे. तो कमी खेळला जातो, ही ती अडचण नव्हे. त्यात जिंकण्याचे साधन गरजेपेक्षा अधिक प्रभावी झाले आहे. ‘चिनी मांजा’ या नावाने विकला जाणारा नायलॉनचा दोरा जवळजवळ तुटतच नाही. परिणामी पेच जिंकणे सोपे झाले, पण दुचाकीस्वारांचे गळे चिरू लागले, घारी-कबुतरांचे पंख अडकू लागले आणि न्यायालये व हरित लवादाला या खेळात लक्ष घालावे लागले. सर्वांत बलवान साधन उपलब्ध झाले की खेळाचे नेमके काय होते, हा प्रश्न पतंगापुरता मर्यादित नाही. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या काल्पनिक साहसाच्या खेळांचे रचनाकार गेली पन्नास वर्षे याच प्रश्नाशी झुंजत आहेत. त्यांनी काढलेली उत्तरे आणि त्यांच्या चुका, दोन्ही गार्डन रीचच्या गच्चीवरून पाहिल्यास अधिक स्पष्ट दिसतात.

नवाबाचे छोटे लखनौ

फेब्रुवारी १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवध संस्थान खालसा केले. पदच्युत नवाब वाजिद अली शाह त्याच वर्षी मे महिन्यात कलकत्त्यास आले. लंडनला जाऊन दाद मागण्याचा त्यांचा बेत होता. प्रकृतीमुळे तो राहिला आणि मुक्काम गार्डन रीचलाच पडला. १८५७ च्या उठावाच्या काळात इंग्रजांनी त्यांना फोर्ट विल्यममध्ये अटकेत ठेवले. सुटकेनंतर वार्षिक बारा लाख रुपयांच्या तनख्यावर त्यांनी मटियाबुर्जला दुसरे लखनौ वसवले. २१ सप्टेंबर १८८७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले आणि सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांचे दफन झाले.

नवाबाबरोबर गवई, नर्तक, खानसामे आणि शिंपी तर आलेच, पण कबुतरबाज आणि पतंगबाजही आले. कोलकात्यातील पतंगबाजीला खरी चालना त्यांच्यामुळे मिळाली, असे शहरात सर्वत्र मानले जाते. लखनौच्या संस्कृतीचा वृत्तान्त लिहिणारे उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर यांच्या बालपणाचा मोठा काळ मटियाबुर्जमध्येच गेला. त्यांनी आपल्या ग्रंथात पशुपक्ष्यांच्या झुंजींबरोबरच पतंगबाजीलाही स्वतंत्र स्थान दिले आहे. राज्य गेलेल्या माणसांनी आकाशात लढाया लढाव्यात, यातील व्यंग्य अनेकांनी टिपले आहे. परंतु पतंगबाजी ही केवळ रिकामटेकड्यांची करमणूक नव्हती, हे तिची रचना पाहिल्यावर लक्षात येते.

प्रत्येक लाभाला एक तोटा

लढाऊ पतंग दिसायला अत्यंत साधा असतो. पातळ कागदाचा चौकोन, एक उभी काडी आणि कमानीसारखी वाकवलेली एक आडवी काडी. त्याला शेपटी नसते. शेपटीमुळे पतंग स्थिर राहतो आणि लढाईत स्थिरता नको असते. दोरा ताणला की कागद मागे वळतो आणि पतंग ज्या दिशेला त्याचे टोक असेल तिकडे सरळ धावतो. दोरा सैल सोडला की तो गरगर फिरू लागतो. उडवणारा या दोन अवस्थांमध्ये आलटून पालटून पतंगाला हवे तसे वळवतो. कन्नी बांधताना वरच्या आणि खालच्या दोऱ्याच्या लांबीत बोटभर फरक केला तरी पतंगाचा स्वभाव बदलतो.

आता निवड करायची वेळ येते. मोठा पतंग वारा अधिक धरतो आणि दोरा ताठ ठेवतो, पण वळायला मंद असतो. लहान पतंग चपळ, पण लांबवर गेल्यावर दोऱ्याच्या वजनानेच खाली येऊ लागतो. मांज्याचेही तसेच. सुती दोऱ्यावर भाताची खळ आणि काचेची पूड यांचा लेप देतात. लेप जाड दिला तर धार वाढते, पण दोरा जड आणि ठिसूळ होतो आणि खेळणाऱ्याची बोटेही कापतो. लेप पातळ ठेवला तर दोरा हलका राहतो, पण पेचात लवकर हार मानतो. जास्त पदरी दोरा मजबूत, पण हवेचा विरोधही त्यालाच जास्त. शिवाय हुगळीकाठची दमट हवा खळ मऊ करते, त्यामुळे सकाळी धारदार असलेला मांजा संध्याकाळपर्यंत तसाच राहील याची खात्री नसते.

पेचाचे शास्त्रही लक्षात घेण्यासारखे आहे. दोन दोरे एकमेकांवर घासतात तेव्हा जो दोरा सरकत राहतो त्याचा नवा नवा काचेचा भाग दुसऱ्याच्या एकाच बिंदूवर येत जातो. जो थांबतो तो कापला जातो. म्हणूनच काही खेळाडू भराभर ढील देतात, तर काही जोराने खेचतात. ढील द्यायची तर फिरकीत भरपूर मांजा हवा आणि ती धरणारा सोबती तरबेज हवा. खेचायचे तर दोरा ताण सोसणारा हवा. थोडक्यात, कोणताही एक पतंग, एक मांजा किंवा एक डाव सर्व परिस्थितींत श्रेष्ठ ठरत नाही. वारा, उंची, आर्द्रता आणि समोरचा खेळाडू पाहून तडजोड करावी लागते. या तडजोडीतच खेळाचे कौशल्य सामावलेले आहे.

(याच परिसरातील सरकारी जहाजबांधणी कारखान्याचे अभियंतेही वेगळे काही करीत नाहीत. युद्धनौकेवर वाढवलेले प्रत्येक टन शस्त्र वेगातून, इंधनातून किंवा अन्य कशातून तरी वजा होते.)

सत्तावीस गुणांचा हिशेब

पतंगाच्या बाबतीत या तडजोडी वारा आणि कागद यांनी घातल्या आहेत. कागदावर रचलेल्या खेळात त्या रचनाकाराला घालाव्या लागतात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात पट किंवा सोंगट्या आवश्यक नसतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होऊन प्रसंग आणि शत्रू उभे करतो आणि यशापयश फाशावर ठरते. पात्राला बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, विवेक आणि छाप असे सहा गुण असतात. पात्र अनुभवाने पायरी-पायरीने वर चढते; सध्याच्या नियमांत अशा वीस पायऱ्या आहेत.

पात्र घडवताना प्रत्येक खेळाडूला सर्वांत परिणामकारक मिश्रण हवे असते, आणि त्यात गैर काही नाही. ते रोखण्याऐवजी नियमांनी त्याला किंमत लावली आहे. प्रचलित पद्धतींपैकी एकीत खेळाडूला खर्चासाठी २७ गुण मिळतात. प्रत्येक गुणाची सुरुवात ८ पासून होते आणि तो १५ पर्यंत नेता येतो. १३ पर्यंत नेण्यास ५ गुण लागतात, म्हणजे पायरीमागे एक. त्यापुढे मात्र भाव चढतो : १४ साठी ७ आणि १५ साठी ९. तीन गुण कमाल मर्यादेपर्यंत नेले की २७ चे भांडवल संपते आणि उरलेले तीन गुण ८ वरच राहतात. असा योद्धा बलदंड असतो खरा, पण त्याला कोणीही सहज फसवू शकते. अतिरेकी बळाची किंमत दुसरीकडच्या दुर्बलतेने मोजावी लागते, हे मांजा सुतणाऱ्या कारागिराला वेगळे सांगावे लागणार नाही.

ही व्यवस्था खालच्या पायऱ्यांवर चांगली चालते. वरच्या पायऱ्यांवर मात्र ती डळमळते आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला योद्धा पहिल्या पायरीवर एका खेपेला एक वार करतो, पाचव्या पायरीवर दोन, अकराव्यावर तीन आणि विसाव्यावर चार. त्याच आवृत्तीतल्या जादूगाराला पहिल्या पायरीवर दिवसाला दोन मंत्र टाकता येतात. विसाव्या पायरीवर ही संख्या २२ होते. केवळ संख्या वाढली असती तर फार बिघडले नसते. पण मंत्रांची ताकदही वाढते. सतराव्या पायरीपासून त्याला नवव्या दर्जाचा मंत्र मिळतो, ज्यात मनातील इच्छा जवळपास प्रत्यक्षात आणणारा मंत्रही आहे. संख्या आणि ताकद यांचा गुणाकार होतो, तर योद्ध्याच्या वाट्याला बेरीजच येते.

जुन्या रचनेत याचा तोल काळावर टाकला होता. आरंभीच्या आवृत्त्यांतील जादूगार पहिल्या पायरीवर केविलवाणा असे. दिवसाला एक मंत्र, तो संपला की हातात सुरी, आणि दोन घावांत प्राण जाण्याची भीती. त्या काळात योद्धेच त्याला सांभाळत. पुढे त्याने त्याची परतफेड करावी अशी अपेक्षा असे. हिशेब न्याय्य होता, पण लांब पल्ल्याचा. खेळ थेट पंधराव्या पायरीपासून सुरू केला, तर जादूगाराच्या पदरात नफा पडतो आणि कर्ज फेडायचे राहूनच जाते. उच्च पायरीवरच्या खेळाविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे सापडते.

दुसरे मूळ दिवसाच्या लांबीत आहे. योद्ध्याची तलवार दमत नाही. जादूगाराचे मंत्र संपतात. सूत्रधाराने दिवसाला पाच-सहा संकटे आणली तर जादूगाराला हात राखून खेळावे लागते आणि दोघे बरोबरीत येतात. दिवसाला एकच लढाई ठेवली की तो सगळा साठा तिथेच रिता करतो आणि योद्धा प्रेक्षक बनतो. नियम तेच असतात, केवळ प्रसंगांची आखणी बदलली की तोल ढळतो. अनुभवी सूत्रधार म्हणूनच नियमांत फारशी ढवळाढवळ न करता संकटांचा वेग बदलून पाहतात.

सारखेपणा म्हणजे तोल नव्हे

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने वेगवेगळ्या व्यवसायांची मोकळी सरमिसळ करू दिली. खेळाडूंनी त्यातून रचनाकारांच्या स्वप्नातही नसलेली मिश्रणे शोधली. पात्र घडवणे हाच एक स्वतंत्र छंद झाला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने उलट टोक गाठले. योद्धा असो वा जादूगार, सर्वांच्या शक्ती एकाच साच्यात बसवल्या : काही केव्हाही वापरता येणाऱ्या, काही प्रत्येक लढाईत एकदा आणि काही दिवसातून एकदा. तोल उत्तम साधला. तरीही अनेक खेळाडूंची तक्रार अशी होती की आता सगळी पात्रे सारखीच वाटतात. पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग काढला आणि यशाची गणिते वरच्या बाजूने बांधून टाकली. गुणाची सर्वसाधारण मर्यादा २० राहिली. प्रावीण्याची भर वीस पायऱ्यांच्या प्रवासात २ वरून फक्त ६ वर जाते. त्यामुळे कितीही थोर वीर असला तरी गावातील साध्या तिरंदाजांचे बाण त्याला लागू शकतात. जादूगाराचा प्रश्न याने पूर्ण सुटला नाही, पण अजिंक्य कोणीच राहिले नाही.

भारतीय परंपरेत याच कोड्याचे एक देखणे उत्तर आधीपासून आहे. सावंतवाडीत आणि बंगालमधील बिष्णुपूरमध्ये हाताने रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफात १२० पाने असतात. दहा अवतारांची प्रत्येकी बारा. राजा आणि प्रधान सर्वत्र श्रेष्ठ. मात्र उरलेल्या पानांचा क्रम निम्म्या अवतारांत दहाकडून एक्क्याकडे उतरतो आणि निम्म्यांत नेमका उलटा, म्हणजे एक्का वरचढ आणि दहा दुबळा. शिवाय डावाची सुरुवात दिवसा रामाच्या पानाने आणि रात्री कृष्णाच्या पानाने करण्याचा प्रघात आहे. कोणतेही पान केवळ आकड्याने मोठे ठरत नाही. ते कोणत्या घराण्यातले आहे हे पाहावे लागते. कोकण आणि राढ या दोन दूरच्या प्रदेशांत हाच खेळ टिकून राहिला, हाही योगायोग लक्षणीय आहे.

नायलॉनने काय मोडले

या पार्श्वभूमीवर नायलॉनचा मांजा पाहिला की त्याचे घातकपण नेमके कळते. तो सुती दोऱ्यापेक्षा अधिक चांगला आहे, एवढेच म्हणून भागणार नाही. त्याने तडजोडच नाहीशी केली. तो हलका असून मजबूत आहे. दमट हवेत मऊ पडत नाही. घासल्याने फारसा झिजत नाही. आणि सहसा सुती मांज्यापेक्षा स्वस्तही मिळतो. टेबलावरच्या खेळाच्या भाषेत सांगायचे, तर २७ गुणांच्या भांडवलात कोणीतरी ४० गुण खर्च केले आणि तेही किंमत न चुकवता. नाव ‘चिनी’ असले तरी त्याचे उत्पादन देशातही होते.

यातून खेळाडूचा खरोखर फायदा होतो का? पहिल्या दिवशी होतो. परिसरात एकाच्याच फिरकीत नायलॉन असेल तर तो सगळ्यांचे पतंग कापतो. दुसऱ्या दिवशी शेजारीही तोच दोरा आणतो, कारण न आणणे म्हणजे हमखास हरणे. सर्वांकडे नायलॉन आला की जिंकण्याची शक्यता पुन्हा पूर्वीइतकीच होते. शस्त्रस्पर्धेचे हे जुने गणित आहे : प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाचा निर्णय घेतला आणि एकूण स्थिती सर्वांसाठी वाईट झाली. टेबलावरही असेच घडते. एका खेळाडूने अजस्र पात्र आणले की सूत्रधार राक्षस वाढवतो. वाढलेल्या राक्षसांपुढे इतर पात्रे निरुपयोगी ठरतात. मग तेही नियमपुस्तकात पळवाटा शोधू लागतात.

एक फरक मात्र मूलभूत आहे. टेबलावर बिघडलेल्या तोलाची किंमत त्या टेबलावरचे पाच जणच मोजतात. खेळ नीरस होतो, एखादी मैत्री दुरावते, फार तर संध्याकाळ वाया जाते. पतंगाचे मैदान मात्र आकाश आहे आणि त्याखाली रस्ता आहे. सुती मांजा एका मर्यादेपलीकडे ताण आला की तुटतो. खेळाडूच्या दृष्टीने हा त्याचा दोष होता. पण कापलेल्या पतंगाचा दोरा पुलावरून आडवा लोंबत असताना त्यात दुचाकीस्वार अडकला, तर दोरा तुटण्यावरच त्याचा जीव अवलंबून असतो. खेळाडूने दुबळेपणा म्हणून टाकून दिलेली गोष्ट खेळात नसलेल्या माणसाचे संरक्षण होती. कोलकात्यातील ‘मा’ उड्डाणपुलावर दुचाकीस्वार जखमी होण्याचे प्रकार वारंवार घडल्यावर तेथे कडेला तारेचे कुंपण उभारण्याची वेळ आली. महाराष्ट्रात नागपूर आणि नाशिक परिसरातून संक्रांतीच्या सुमारास अशाच बातम्या येतात, काही मृत्यूच्याही. येवल्यात तीन दिवस चालणारा, आसारी आणि हलकडीच्या तालावर रंगणारा पतंगोत्सव हे त्या तालुक्याचे भूषण आहे; त्यावरही या दोऱ्याचे सावट आहे.

तुटलेला नायलॉन कुजत नाही. झाडांवर आणि तारांवर तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे लटकत राहतो आणि हंगाम संपल्यावरही पक्षी त्यात अडकत राहतात. त्यावर धातूची पूड चढवलेली असेल आणि तो वीजवाहिनीला टेकला, तर दोरा धरणाऱ्यालाही विजेचा धक्का बसू शकतो.

बंदी आणि गच्ची

राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन व अन्य कृत्रिम धाग्यांपासून बनवलेल्या, न कुजणाऱ्या मांज्याच्या उत्पादन, विक्री, साठवणूक आणि वापरावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. हंगामापूर्वी पोलिसांचे मनाई आदेश निघतात, छापे पडतात, रिळे जप्त होतात. तरीही दोरा मिळतो.

त्याचे एक कारण खेळाच्या रचनेत आहे. टेबलावर पात्राचा कागद सर्वांसमोर असतो. खोटा आकडा लिहिला तर शेजारी बोट ठेवतो. गच्चीवरच्या फिरकीत काय गुंडाळले आहे हे दोनशे मीटरवरच्या प्रतिस्पर्ध्याला दिसत नाही. पेच हरल्यावर त्याला संशय येतो, पण तोवर दोरा परत गुंडाळलेला असतो. येथे सूत्रधार नाही, आणि जो सर्वाधिक भरडला जातो तो दुचाकीस्वार तर खेळाडूंच्या ओळखीचाही नसतो. त्यामुळे पोलिसांची नजर प्रामुख्याने गच्चीऐवजी दुकानावर राहते. रिळे दुकानात असतात तेव्हाच ती मोजता आणि जप्त करता येतात. स्पर्धांपुरता तरी आणखी एक सोपा उपाय करता येण्याजोगा आहे : दोन्ही बाजूंना आयोजकांनीच एकाच रिळाचा सुती मांजा द्यावा. मग उरतो तो कन्नी, वारा आणि मनगट यांचा फरक.

ग्राहकाला दोरा ओळखणे अवघड नाही. हाताला झटका देऊन साधा सुती मांजा तोडता येतो. मात्र लेपाने बोट कापू नये म्हणून कापड गुंडाळून घ्यावे. नायलॉन ताणला की लांबतो, पण तुटत नाही. शंका उरल्यास तुकड्याच्या टोकाला काडी लावावी. सूत जळून राख होते आणि कागद जळाल्यासारखा वास येतो. नायलॉन वितळतो, आक्रसतो आणि थंड झाल्यावर टोकाशी कडक मण्यासारखी गाठ उरते.